पट्टा सहज बसला तेव्हा

डार्लाच्या गाडीचा पट्टा त्या दिवशी पहिल्याच झटक्याला बसला आणि तिला बरं वाटलं. एरवी तो असा कधी बसत नाही. खांद्यावरून ओढायचा, पोटावरून आणायचा, मग उजव्या कुशीला जे अडतं ते मनगटानं जरा मागे सारायचं, एक बाजू सीटवरून उचलायची, आणि कुणी शेजारी असेल तर ‘वय झालं’ असं काहीतरी पुटपुटत, बोट चेमटणार नाही अशा बेतानं खटका लावायचा. आज एकदाच खट्. बारीक झाले की काय मी, असं तिच्या मनात आलं. लोणी लावलेली बिस्किटं तिनं सोडली होती, म्हणजे सकाळची सोडली होती. आणि चर्चमागच्या मैदानाला रोज फेऱ्या मारत होती, म्हणजे वारा नसेल तेव्हा, आणि टल्सात वारा नसलेले दिवस तसे थोडेच. तरीपण काहीतरी उतरलं असेल की. नेल्डाला सांगायला हवं. नेल्डा, तिची थोरली बहीण, म्हणेल, ‘बारीक? कुठून गं? मागच्या रविवारी तुझ्या मागे बसले तर मला पाद्रीबाबा दिसेनात.’ डार्ला एकटीच हसली. मागच्या सीटवर पिशवीत पिवळं कापड होतं, नातीच्या गोधडीला खालून लावायचं. खिडकीतून मे महिन्याचं ऊन मांडीवर येत होतं. डोनटच्या दुकानाबाहेर एक म्हातारा कुत्र्याला अर्धा डोनट भरवत होता आणि अर्धा स्वतः खात होता. आपण सुखात आहोत हे माणसाला असं मधूनच, गाडी चालवताना कळतं. एरवी कळत नाही. पुढच्या सिग्नलला ती थांबली आणि सवयीनं तिचा हात उजव्या कुशीकडे गेला, सदरा खाली ओढायला. रोज कितीतरी वेळा जातो तो, तिच्या नकळत, जसा एखादीचा पदराकडे जावा. हाताला कूस लागली. तिची स्वतःची. मऊ, उबदार, कुणाचीही असावी तशी. तिथे दुसरं काही नव्हतं.

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न वाजवला, सभ्यपणे, एकदाच. डार्ला हलली नाही. तिच्या डोळ्यांपुढे कापडाच्या दुकानातला संडास आला. भिंतीवरचा तो पांढरा गुळगुळीत डबा, ज्यातून कागद ओढायचा, आणि डब्यावर, फळीवर फुलदाणी ठेवावी तसं, तिनं नीट ठेवलेलं तिचं पिस्तुल. तिच्या हातचीच खोळ त्याला होती. आतून चामडं, बाहेरून कापड. कापडावर लाल तुऱ्याच्या कोंबड्या.

फरशी ओली होती म्हणून. हेच तिच्या मनात पहिल्यांदा आलं, जणू कुणी विचारलंच होतं. बर्लनं तर शिकवताना दहादा सांगितलं होतं. बर्ल म्हणजे तो ढेरपोट्या निवृत्त हवालदार, जो शनिवारी बायकांना पिस्तुल बाळगायला शिकवायचा आणि स्वतः खुर्चीतून उठताना ‘येशू’ म्हणायचा. ‘बायांनो, आता लाजायचं नाही. पँट खाली गेली की पिस्तुल कुठे? पँटमध्ये. घोळात. घोट्यापाशी. मग तुम्हाला ते मागे ठेवून उठताच येणार नाही. भिंतीवरच्या डब्यावर ठेवलंत की घरी जाल आणि ते तिथेच राहील.’ बायका लाजल्याच होत्या. डार्ला मात्र म्हणाली होती, ‘असं कोण विसरेल हो? स्वतःचं पोर कुणी दुकानात विसरतं का?’ बर्लनं तिच्याकडे दयेनं पाहिलं होतं. ‘बाई, लोक चर्चमध्ये स्वतःचे दात विसरतात.’

पण फरशी ओली होती, आणि पँट नवी, आणि नेमका फोन वाजला होता. शॅनाचा. शॅना तिची मुलगी, मिनियापोलिसला बालवाडीत शिकवते, आणि कामाच्या दिवशी कधी फोन करत नाही, म्हणून डार्लानं तो संडासातसुद्धा घेतला. ‘आई, आमचं ठरलं. मेबल येईल जूनमध्ये. दोन आठवडे. एकटी.’ मेबल पाच वर्षांची. पाच वर्षांत ती आजीच्या घरी एकदाही झोपली नव्हती. आली की तिघं हॉटेलात उतरायची, जावईबापू पोहण्याच्या तलावाचं निमित्त सांगायचे, आणि सगळ्यांना ठाऊक असायचं की तलावाचा काही संबंध नाही. ‘फक्त, आई, ते तुझं...’ शॅना त्याचं नाव घेत नाही. सवतीचं घेऊ नये तसं. ‘माझ्या अंगावर, नाहीतर तिजोरीत,’ डार्ला म्हणाली. ‘तिसरी जागा नाही त्याला. तुझ्या बापाच्या थडग्याची शपथ.’ आणि हे म्हणताना ती त्या कोंबड्यांकडेच बघत होती. तिसऱ्या जागेकडे. मग हात धुताना ती गुणगुणत होती, हेही तिला आठवलं. आनंदानं माणूस किती बेजबाबदार होतं.

तिनं गाडी वळवली, जिथे वळवायची नाही अशा ठिकाणी, आणि भरधाव निघाली, आणि रुळांपाशी फाटक पडलेलं होतं. मालगाडी. तेलाच्या काळ्या टाक्या, एकामागून एक, पाठीवर काही ओझं नसावं अशा निवांत. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली. डार्लानं फोन हातात घेतला. दुकानाला फोन करावा. आणि म्हणावं काय? ‘बायकांच्या संडासात माझं पिस्तुल राहिलंय’? फोन घेणार ती गल्ल्यावरची पोरगी. ती मोठ्यानं म्हणणार, ‘काय राहिलंय?’ मग दुकानात जो तो आपापल्या कमरेला हात घालणार. नको. त्या संडासात आत्ता कोण असेल? बुधवारी सकाळी गोधडीवाल्या बायका येतात, त्यांच्यासोबत शाळेत न जाणारी नातवंडं. नातवंडांना संडासात एकटं जायची हौस असते, मी मोठी झाले, तू बाहेर थांब. कडी लावता येते हे दाखवायची हौस. मग आत बसल्यावर डोळ्यांसमोर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, लाल तुऱ्याच्या कोंबड्या. डार्लानं डोळे मिटले, आणि मिटल्यावर जास्त स्पष्ट दिसतं म्हणून उघडले.

व्हर्जिल म्हणाला असता, श्वास घे. तिचा नवरा सगळ्यावर हेच सांगायचा, वादळावरही आणि कर्करोगावरही. तो तेलाच्या नळांचं जोडकाम करायचा, महिना महिना घराबाहेर. हरणाच्या शिकारीच्या हंगामाची त्याची बंदूक कपाटात असायची, वर्षातून दोन आठवडे बाहेर निघायची, बाकी वर्ष तिच्यावर त्याचे हिवाळी कोट लटकलेले असायचे. कमरेला त्यानं कधी काही लावलं नाही. ‘एकदा तिथे लावलं ना डार्ला, की हात सारखा तिथेच जातो, मग हाताला दुसरं काही सुचत नाही.’ तेव्हा ती म्हणाली होती, ‘तू सहा फूट दोन इंच आहेस. तुझ्या हाताला काही सुचायची गरजच काय?’ ते दोघांचंही खरं होतं. लग्नात असंच असतं. दोघांचंही खरं असतं आणि भांडी एकीलाच घासावी लागतात. तो गेल्यानंतरच्या हिवाळ्यात ती पेट्रोल भरून गाडीत बसली आणि एका माणसानं काचेवर थाप मारली. दाढीवाला, टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, तोंड हलत होतं. तिला काही ऐकू येईना. ती तशीच सुटली, लाल सिग्नल तोडून, घरी येऊन गॅरेजचं दार लावून गाडीतच बसून राहिली. मग उतरली तेव्हा दिसलं, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडंच होतं आणि दोरीला लोंबत होतं. तो बिचारा तेच सांगत होता. हे तिनं नेल्डाला सांगितलं तेव्हा दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या, आणि त्याच आठवड्यात डार्लानं पिस्तुल घेतलं होतं. माणूस चांगला निघाला, पण ते उतरल्यावर कळलं. ती थाप आणि हे कळणं यांच्यामधला जो वेळ होता, तो तिनं एकटीनं काढला होता, आणि तसा वेळ तिला पुन्हा काढायचा नव्हता.

आणि नेल्डाचं? नेल्डा स्कायटुकच्या पुढे शेतावर राहते, तिथे पोलिसांना बोलावलं तर येईपर्यंत पावाचं पीठ फुगून येतं. तिचं मागचं दार खरंच फोडलं होतं एकानं, भरदिवसा. नेल्डा स्वयंपाकघरात उभी होती. तिनं गोळी झाडली नाही. नुसती लांब बंदूक हातात घेऊन तिचा दट्ट्या मागे-पुढे केला. तो आवाज जगात सगळ्यांना समजतो. चोराचा एक बूट अंगणात राहिला. नेल्डानं त्यात झेंडूचं रोप लावलंय. डार्लानं हे शॅनाला सांगितलं होतं, झेंडूसकट. शॅना म्हणाली, ‘आई, कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर म्हणून आम्ही वर्गात सराव करतो. दिवे घालवायचे, दाराला कपाट लावायचं, कोपऱ्यात बसायचं. पाच वर्षांची पोरं गप्प बसत नाहीत ना. म्हणून मी प्रत्येकाला एक लॉलीपॉप देते. तोंडात काही असलं की ती बोलत नाहीत. आता माझ्या वर्गातली काही पोरं लॉलीपॉप दिसला की आपणहून कोपऱ्यात जातात.’ दोघींनी हवेबद्दल बोलून फोन ठेवला होता. नेल्डाचा बूट खरा आणि शॅनाचे लॉलीपॉप खरे. रात्री झोप येत नसली की डार्ला एकदा या कुशीवर वळायची आणि एकदा त्या.

तेवढ्यात भोंगा झाला. वादळाचा, सगळ्या शहरभर, पोटातून निघून आभाळाला भिडणारा. डार्ला दचकून सीटवरून उडाली. कळलं. सगळ्या गावाला कळलं. मग शेजारच्या गाडीतली बाई तशीच ओठांना लाली लावताना दिसली, आणि तिच्या लक्षात आलं, बुधवार, दुपारचे बारा, तपासणीचा भोंगा. दर बुधवारी होतो. टल्सात त्याला कुणी भीत नाही, लोक घड्याळं लावतात. इतकी वर्षं तिनं त्याच्यावर बटाटे शिजायला टाकले. शेवटची टाकी गेली, फाटक वर झालं, आणि ती देवाला म्हणाली, जे काही असेल ते मला. दुसऱ्या कुणाला नाही. तिला स्वतःच्या स्वार्थीपणाचं आश्चर्य वाटलं, कारण लगेच पुढे ती म्हणाली होती, आणि जूनमधली मेबलपण.

दुकानाबाहेर पोलिसांची गाडी नव्हती. रुग्णवाहिका नव्हती. दारात नेहमीची ती लाकडी मेंढी उभी होती. आत कात्र्यांचा आवाज, उलगडणाऱ्या ताग्यांचा धप धप, दोन बायका एका जांभळ्या रंगावरून वाद घालत होत्या. एक म्हणे वांगी, एक म्हणे द्राक्षं. डार्ला धावली नाही. धावलं की लोक बघतात. ती बटणांच्या खणांमधून, लोकरीच्या भिंतीपासून, घाईची लागलेल्या बाईसारखी चालत गेली, आणि ती चाल तिला मुद्दाम आणावी लागली नाही.

बायकांच्या संडासात दोन कप्पे. एकावर ‘बंद आहे’ची पाटी नाताळपासून. दुसरं दार आतून लावलेलं. दारासमोर एक तरुण आई, खांद्याला पिशवी, आणि तिच्या हाताला लोंबणारी चार वर्षांची मुलगी, पिवळे गमबूट, गुडघ्याला गुडघा घट्ट लावून. मुलीला काही झालेलं नव्हतं. ती बाहेर होती. डार्लाला एकदम तिला उचलून घ्यावंसं वाटलं.

‘आत्ता जाऊ नका हो बाई,’ आई म्हणाली, ‘रांग आहे. म्हणजे रांग आम्हीच आहोत. आतल्या आजी हलत नाहीत.’

‘माझं पोट बिघडलंय,’ दारामागून आवाज आला. जाड, संथ, चर्चमध्ये खालच्या पट्टीत गाणाऱ्या बाईचा. ‘बाळ, तिला दुसरीकडे ने. मी सांगितलंय तुला.’

‘दुसरीकडे कुठे नेऊ? पोरगी फुटेल आता.’

‘बर्डी नाही फुटणार,’ मुलगी म्हणाली. पण तिला खात्री नव्हती.

दाराखालून दोन पाय दिसत होते. पांढरे, जाड तळाचे बूट, फरशीवर नीट एकमेकांशेजारी, प्रार्थनेला बसल्यासारखे. पँट घोट्यावर नव्हती. डार्लानं ते पाहिलं. आतली बाई कपड्यांनिशी बसली होती. ती नुसती बसली होती. डार्ला दाराजवळ गेली आणि फटीशी तोंड नेऊन हळू म्हणाली, ‘बाई, माझं काहीतरी आत राहिलंय.’

आतून आवाज आला, ‘काय राहिलंय?’

‘तुम्हाला माहीत आहे काय ते.’

‘मला माहीत आहे. तुला माहीत आहे का ते बघतेय.’

‘त्याला खोळ आहे,’ डार्ला कुजबुजली. ‘कापडाची. वर कोंबड्या.’

‘किती आहेत?’

‘कोंबड्या? मोजल्या नाहीत हो मी.’

‘मी मोजल्या,’ आवाज म्हणाला. ‘वेळ होता मला.’ मग दाराच्या पलीकडून एक लांब श्वास सुटला, इतका लांब की डार्लाला कळलं, तो केव्हाचा धरलेला होता. ‘आहे. इथेच आहे. कुणी हात लावला नाही, मीपण नाही. पण हे दार ती पोर समोर असताना मी उघडणार नाही. काय करायचं ते तू कर.’

डार्लाचा जीव भांड्यात पडला, आणि भांडं हातातून निसटू नये म्हणून तिनं दाराच्या कडेला धरलं. मग ती वळली. ‘चल गं बर्डी,’ ती म्हणाली, ‘पुरुषांच्या संडासात जाऊ. तिकडे कुणी जात नाही. या दुकानात पुरुष येतात ते बाहेर बाकावर बसून मरायला.’

‘पुरुषांच्या?’ आई म्हणाली.

‘मी उभी राहते ना दारात. माशी जाऊ देणार नाही.’

आणि ती उभी राहिली. आई आणि बर्डी आत गेल्या, कडी लागली, आतून बर्डीचा आवाज घुमला, ‘आई, इथे भिंतीला बेसिन खाली का लावलंय?’ डार्ला पुरुषांच्या पाटीखाली दोन्ही हात चौकटीला लावून उभी. तिच्या मनात आलं, आपण कशाला घेतलं होतं ते? राखायला. स्वतःला, घराला, आली तर नातीला. इतकी वर्षं दुकानात, चर्चमध्ये, केस कापायला जाताना, कुशीला ते वजन घेऊन ती मनातल्या मनात पहाऱ्यावर असायची. कोण आत आलं, हात खिशात का आहे, मागचं दार कुठे. कडेवर मूल घेतलेली बाई एका बाजूला कलून चालते तशी ती कलून चालायला लागली होती आणि तिला ते कळलंही नव्हतं. आणि आज पहिल्यांदा खरोखर पहारा करायची वेळ आली, तर कडेवर काही नाही. तेवढ्यात तो आलाच. धिप्पाड, ट्रॅक्टरच्या कंपनीची टोपी, बायकोनं ओढत आणलेला, हातात तिच्या लेसचं बंडल. आणि पट्ट्याला, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असं मोठं काळं पिस्तुल.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘ते पुरुषांचं आहे.’

‘वाचता येतं मला.’

‘मला घाई आहे हो.’

‘आतलीला जास्त आहे. ती चार वर्षांची आहे. तुम्ही किती वर्षांचे?’

त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या पसरलेल्या हातांकडे, फुलाफुलांच्या सदऱ्याकडे, हलक्या कमरेकडे. मग त्यानं टोपी काढली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. ‘एक्कावन्न,’ तो म्हणाला, ‘पण या बाबतीत फार फरक पडत नाही.’ डार्लाला हसू आलं, आणि ते थांबेना. ती हात न सोडता, तोंड वळवून हसत राहिली, आणि तोही हसायला लागला, लेस छातीशी धरून.

बर्डी विजयी होऊन बाहेर आली आणि त्या माणसाला म्हणाली, ‘आता तू.’ मायलेकी गेल्या. डार्ला बायकांकडे परत आली, बाहेरचं दार लावून त्याला पाठ टेकली, आणि म्हणाली, ‘कुणी नाही.’ मग कडी निघाली. आतून जी बाई बाहेर आली ती सत्तरीची, काळी, उंच, पांढऱ्या केसांवर दुकानातल्या पट्टीसारखी ताठ हॅट. ती बाजूला झाली आणि तिनं हातानं दाखवलं, घे. डबा, डब्यावर कोंबड्या. डार्लानं ते उचललं, बर्लनं शिकवलं तसं गोळ्या काढून रिकामं केलं, पर्सच्या तळाशी घातलं, आणि मग ती त्याच कमोडच्या झाकणावर बसली.

‘ऑर्लीन,’ ती बाई म्हणाली.

‘डार्ला. बाई, तुम्ही कुणाला हाक का नाही मारली?’

‘हाक मारून काय म्हणू? “पिस्तुल”? या दुकानात?’ ऑर्लीन नळ सोडून हात धूत होती, काहीही न केलेले हात, कोपरापर्यंत. ‘अगं, एकीनं ओरडायचं आणि सातजणींनी पर्सा उघडायच्या. आणि त्यातली पहिली जी आत येईल ती बघणार काय? पिस्तुलाशेजारी मी. माझा रंग बघ आणि तुझा बघ. मी म्हटलं, ऑर्लीन, तू आपली बस. जिचं आहे ती येईल.’

‘आणि मी आले नसते तर?’

‘तर मी पाच वाजेपर्यंत बसले असते. दुकान बंद करायला कुणीतरी येतंच.’ तिनं कागदानं हात पुसले. ‘मला बंदुकांचा राग नाही. माझ्या नवऱ्याचं कपाट भरलेलं होतं. मला प्रेमही नाही. साप दिसला की मी किंचाळत नाही, मारतही नाही. तो कुठे जातो तेवढं बघत बसते.’ मग तिनं कागद टाकला. ‘एक विचारू? तू रागावू नकोस. कोंबड्या कशाला लावल्यास?’

‘नातीच्या गोधडीतलं उरलं होतं,’ डार्ला म्हणाली. ‘छान वाटलं.’

‘छानच आहे,’ ऑर्लीन म्हणाली. ‘पोरीला दाराच्या फटीतून दिसल्या ना. म्हणाली, आजी, तुमच्याकडे कोंबड्या आहेत. मला द्या. मघापासून मी तिला सांगत होते, कोंबड्या झोपल्यात, बाळ. कोंबड्या झोपल्यात.’

डार्ला उठली आणि तिनं ऑर्लीनला मिठी मारली, अनोळखी बाईला, संडासात, पर्स दूर धरून. आणि ऑर्लीननं तिची पाठ थोपटली, पण एका हातानं, आणि दुसऱ्या हातानं ती पर्स आणखी जराशी दूर सारली. ‘जा,’ ती म्हणाली. ‘आणि आता मला खरंच जायचंय.’

गाडीत बसून डार्लानं पिस्तुल सीटखालच्या लोखंडी पेटीत बंद केलं, खोळ मात्र बाहेर ठेवली. शिवणाच्या डब्यातून उसवणी काढली आणि टाके उसवायला लागली. तिनं ते फार बारीक घातले होते. चांगलं शिवणाऱ्या बाईची हीच शिक्षा. एकेक टाका निघत होता, एकेक कोंबडी सुटत होती, खाली साधं तपकिरी चामडं उघडं पडत होतं, हात लावावासा न वाटणारं, व्हर्जिलच्या कामाच्या बुटांसारखं. ऊन खिडकीतून तसंच मांडीवर येत होतं. तिला थकवा वाटत होता, खूप रडून झाल्यावर किंवा खूप नाचून झाल्यावर येतो तसला, गोड. काही झालं नव्हतं. सगळं जग आज काहीच न होण्यावर उभं होतं, आणि तेवढ्यासाठी एका म्हातारीला कपड्यांनिशी कमोडवर बसून कोंबड्या मोजाव्या लागल्या होत्या. कुणाला काही कळणार नव्हतं. शॅनाला तर नाहीच. डार्लानं हे एकदा मनात घोळवून पाहिलं, जिभेवर गोळा ठेवून पाहावा तसं, आणि तिला त्याची चव आवडली नाही. तिनं फोन लावला.

‘आई? मी जेवतेय, मुलं झोपलीत. काय झालं?’

तिनं सांगितलं. फरशीपासून. शपथेपासून. काही गाळलं नाही, कोंबड्यासुद्धा. पलीकडे कुठेतरी एक पोर झोपेत खोकलं.

‘तू माझ्यापुढे शपथ घेतलीस,’ शॅना हळू म्हणाली, ‘तेव्हा ते डब्यावर होतं.’

‘हो.’

‘मग सांगितलंस कशाला? मला कळलं नसतं.’

‘म्हणून तर.’

डार्ला घाईनं म्हणाली, ‘शॅना, ऐक. मेबल येणार असेल तर ते नेल्डाकडे जाईल. शेतावर, तिच्या तिजोरीत. ती यायच्या आधी. तू म्हणतेस म्हणून नाही. मी म्हणते म्हणून. ती येणार नसेल तरी मला समजेल.’

‘आणि ती परत गेल्यावर?’

डार्लानं मांडीवरच्या उसवलेल्या कापडाकडे पाहिलं. ‘गेल्यावर आणीन परत,’ ती म्हणाली. ‘एका दिवसात दोनदा खोटं नाही बोलणार. पण ती असेपर्यंत नाही. आणि कोंबड्या तर कधीच नाहीत.’

शॅनाचा श्वास ऐकू येत होता. ती रडत होती की हसत होती ते डार्लाला लहानपणापासून कधी नीट ओळखता आलं नव्हतं. दोन्हीची सुरुवात सारखीच व्हायची. मग कागदाचा आवाज आला, डबा बंद केल्याचा आवाज आला.

‘भेंडी खात नाही ती,’ शॅना म्हणाली. ‘आत्ताच सांगून ठेवते.’

‘तळलेली? मक्याच्या पिठात?’

‘तळलेलीपण नाही.’

‘मग येतेय कशाला टल्साला?’

‘आई.’

‘बरं, बरं. मटार खाते ना?’

‘मटार खाते. फक्त मोजून. चार.’

‘चार तर चार,’ डार्ला म्हणाली, ‘आपण काय, मोजू.’ तिनं फोन ठेवला. दुकानातून ती लेसवाली जोडी बाहेर आली. तो टोपीवाला गाडीत बसताना कमरेपाशी अडून, एक बाजू उचलून, पट्ट्याशी झटापट करत होता आणि बायको काहीतरी बोलत होती, वयावरूनच असणार. डार्लानं आपला पट्टा ओढला. एकदाच खट्. बारीक झालेली नव्हती ती, हे आता तिला माहीत होतं. तरी घरी जाताना तिनं दोन बिस्किटं घेतली, लोण्याची.